दहा गुणिले पन्नास

गळ्यात दुर्बीण अडकवून मराठी माणसासमोर नुसतं उभं राहावं. केवढ्याला पडली, कुठून आणली, हे सगळं तो नंतर विचारतो. आधी विचारतो, "याच्यातून किती लांबचं दिसतं?"

लिफ्टमधल्या काकांनी हे विचारलं, इस्त्रीवाल्याने विचारलं, दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात यंत्र घालून विचारलं. सुरुवातीला मी खरं उत्तर द्यायचो. लांबचं बघायला दुर्बीण लागतच नाही, म्हणायचो. एखाद्या अंधाऱ्या गावात जा. देवयानी तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना एक पुसट डाग दिसतो. तो डाग म्हणजे आख्खी दीर्घिका आहे आणि ती 25 लाख प्रकाशवर्षं लांब आहे. यावर समोरचा माणूस माझ्या दुर्बिणीकडे दयेने बघायचा आणि म्हणायचा, "मग ही कशाला घेतली?"

मेहुण्याला मी जरा सोपं करून सांगायला गेलो. "ही दहा पट मोठं दाखवते. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर लांब. म्हणजे यातून तो 38,400 किलोमीटरवरून बघितल्यासारखा दिसतो."

मेहुण्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे 38 हजार उरतातच की!"

मेहुणा बांधकाम व्यवसायात आहे. स्टेशनपासून दीड तासावरचे फ्लॅट 'दहा मिनिटांवर' म्हणून विकणाऱ्या माणसाला 38 हजार किलोमीटर एवढे खुपावेत, याचं मला कौतुक वाटलं.

पन्नाशी ओलांडली की पुण्यातला पुरुष गाणं शिकायला लागतो, गड चढायला लागतो, नाहीतर कविता करायला लागतो. यातलं तिसरं टळावं म्हणून बायकोने मला आकाशाकडे ढकललं असा माझा अंदाज आहे. शहरही त्याला पोषक. इथे ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे, आयुकात विश्वाच्या उत्पत्तीची उठाठेव चालते, नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना रात्रंदिवस आकाशाला कान लावून बसल्या आहेत. आणि मला चंद्र सोडून वरचं काहीही खात्रीने ओळखता येत नव्हतं. चंद्रसुद्धा अर्धा असला की वाढतोय की घटतोय हे कॅलेंडरला विचारावं लागे.

मला खरा घ्यायचा होता टेलिस्कोप. त्यासाठी एका जाणकारांना गाठलं. ते म्हणाले, "अजिबात नको. खोक्यावर पाचशे-सहाशे पट असं छापलेलं असतं, स्टँड वाऱ्याने हलतो, चित्र उलटं दिसतं. महिन्याभरात तो माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी जातो. आधी दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्या."

दुसरे जाणकार म्हणाले, "दुर्बीण कशाला? आधी वर्षभर नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं पाठ करा."

तिसरे, सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणाले, "एक सतरंजी घ्या आणि पडून राहा." अजून एखाद्या वडीलधाऱ्याकडे गेलो असतो तर त्याने डोळेही मिटायला सांगितले असते. म्हणून मी पहिल्यांकडेच परतलो.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. 7×50, 8×42, 10×50 असे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. इथवर सरळ आहे. पण दुसऱ्याला पहिल्याने भागायचं आणि जे येईल तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्याशी येतो, हे कळल्यावर माझ्यातला गिऱ्हाईक जागा झाला. 7×50 मध्ये सात मिलिमीटर, 10×50 मध्ये पाचच. एवढाच भाव असेल तर पाच का घ्यायचे? मी 7×50 वर बोट ठेवलं.

"वय काय तुमचं?" जाणकारांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"विशीत अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटर उघडते. तुमची पाच उघडली तरी नशीब. वरचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जाणार."

केस, दात आणि गुडघे यांनी वयाप्रमाणे माघार घेतल्याची मला कल्पना होती. बाहुल्याही आकसल्यात हे मात्र तोवर कोणी कळवलं नव्हतं. विम्याचा एजंटसुद्धा वय विचारण्यापूर्वी पाणी मागतो, चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी करतो. इथे थेट निदान. मी मुकाट्याने 10×50 वर आलो.

मेहुण्याला तेही पटलं नाही. "20×80 घे. आकडे बघ की!" त्याला सांगितलं की 20×80 दोन किलोच्या वर भरते आणि तिला स्टँड लागतो, हातात धरायची तर दहा पटीच्या पुढे माणसाचं काम नाही. "मग झूमवाली घे, लाल काचांची. भारी दिसते." आता झूममध्ये दिसणारा परीघ अरुंद होतो आणि चित्र मऊ पडतं, लाल लेपाची काच लाल उजेड बाहेरच्या बाहेर परतवते आणि जग हिरवट दाखवते. पण 'भारी दिसते' यातलं कर्म आणि कर्ता मेहुण्याच्या लेखी एकच असल्यामुळे मी वाद घातला नाही.

तारे बघायची वस्तू भर दुपारी विकत घ्यावी लागते, ही या छंदातली पहिली गंमत. दुकानदाराने मला उंबऱ्याशी नेऊन उभं केलं. "समोरची पाटी वाचा." वाचली. 'आमची कोठेही शाखा नाही.' "दिसतंय ना स्वच्छ?" ती पाटी मला दुर्बिणीशिवायही दिसत होती, नसती दिसली तरी पाठ होती.

मग मी जाणकारांनी शिकवलेली परीक्षा सुरू केली. दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरायची, उजेडाकडे रोखायची आणि डोळ्यांकडच्या काचांमध्ये दोन उजळ ठिपके तरंगताना दिसतात, ते निरखायचे. पूर्ण गोल असले तर आतला लोलक बाके-4 नावाच्या चांगल्या काचेचा. कडेला करडी छाया येऊन ठिपका चौकटीकडे झुकला असेल तर काच स्वस्तातली, बीके-7. मी हात ताणून, एक डोळा मिटून, मान तिरपी करून ट्यूबलाइटकडे बघत राहिलो.

"साहेब, ती डोळ्याला लावतात," दुकानदार शांतपणे म्हणाला.

"माहीत आहे. मला जरा लांबून बघायचंय."

"लांबचं बघायला जवळच धरावी लागते."

मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी आपल्या मुलाला माझ्यापासून थोडं दूर ओढलं. मी गोल ठिपक्यांची दुर्बीण घेऊन बाहेर पडलो.

घरी आल्यावर कळलं की वस्तू घेणं सोपं होतं. मधल्या बिजागरीने आपल्या दोन डोळ्यांतलं अंतर जुळवायचं. मग उजवा डोळा मिटून मधलं चाक डाव्याला स्पष्ट दिसेपर्यंत फिरवायचं. मग डावा मिटून उजव्या काचेजवळची कडी फिरवायची. ही कडी एकदा बसली की पुन्हा हात लावायचा नाही, असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं. तो कागद लिहिणाऱ्याला कुटुंब नसावं. आमच्याकडे प्रत्येकाने दुर्बीण हातात घेतल्याबरोबर जे जे फिरतं ते ते फिरवलं, "काहीच दिसत नाही" असा निकाल दिला आणि ती पुढच्याकडे दिली. त्याने ती पुन्हा पहिल्यापासून फिरवली. शेवटी मी कडीवर चिकटपट्टी लावली. मुलीने 'ही इथे कशाला चिकटलीय' म्हणत ती सोलून काढली.

आता गुरू. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण वीस पटीच्या टेलिस्कोपमधून. ते दहा पटीतही दिसतात. अट एकच, हात हलता कामा नये. माझे हात तर हलतातच, शिवाय मी श्वास घेतला तरी ती बातमी दुर्बिणीला कळते. त्या रात्री गुरूने माझ्यासमोर लेखणी न उचलता मोडीतलं आख्खं पत्र लिहून काढलं. चंद्र चार होते की चाळीस, काही समजेना. एका जागी कोणीच नव्हतं.

यावर उपाय म्हणजे कोपरं छातीशी घट्ट धरायची, पाठ भिंतीला टेकवायची, आणि तेवढ्याने भागलं नाही तर खालून काठीचा टेकू द्यायचा. उलट्या झाडूचा टेकू फार उत्तम, असं जाणकारांनी सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरातून झाडू उचलला.

"अहो, लक्ष्मी आहे ती! उलटी काय धरताय, तेही तिन्हीसांजेला?"

"गुरू बघायचाय."

"गुरू बघायला लक्ष्मी कशाला लागते?"

या वाक्याला उत्तर आहे, पण ते शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी द्यावं. मी फरशी पुसायचा मॉप घेतला. मॉपला अजून देवत्व आलेलं नाही.

हात स्थिर झाले तेव्हा मानेने तोंड उघडलं. आपल्या महाराष्ट्रावरून कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जाते. नुसत्या डोळ्यांना तिथे सहा-सात चांदण्यांचा पुंजका दिसतो, पुण्यात तर चार-पाचच. दुर्बीण लावली आणि त्या काळ्या गोल तुकड्यात एकदम कितीतरी निळसर, टोकदार ठिपके उमटले; मधे मोठे, आणि त्यांच्या आजूबाजूला बारीक बारीक, नजर रोखू तेवढे नवे. तोंडातून "अहाहा!" निघालं. त्यानंतरचा 'कट्' हा आवाज मानेचा होता.

मानेचा पट्टा निघाल्यावर आजोबांची कापडी आरामखुर्ची वर न्यायचं ठरलं. आमची लिफ्ट गच्चीच्या एक मजला अलीकडे थांबते आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. अर्जात कारण लिहायचं असतं. मी 'आकाशदर्शन' लिहिलं.

"आकाश खालूनही दिसतं," सेक्रेटरी म्हणाले.

"खालून तुमच्या हॅलोजनमुळे दिसत नाही."

"हॅलोजन सुरक्षेसाठी आहे." आणि मग जरा मवाळ होत, "वर अंधार असतो हो. जपून."

डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. त्या वेळात एक पांढरा उजेड डोळ्यांवर पडला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. आणि आपली माणसं प्रेमळ. अंधारात बसलेला माणूस त्यांना बघवत नाही. बरोबर अठराव्या-एकोणिसाव्या मिनिटाला दार किरकिरे, मोबाईलची बॅटरी थेट माझ्या तोंडावर येई आणि कोणीतरी काळजीने विचारी, "अंधारात काय बसलात? दिवा लावू का?" काही जण विचारत नसत, लावूनच जात. माझ्या वहीतला नकाशा वाचायला मी मात्र नियमाप्रमाणे बॅटरीला लाल जिलेटीन कागद गुंडाळला होता. लाल उजेडाने बाहुली दचकत नाही.

सगळ्यात चांगलं आकाश चंद्र नसलेल्या रात्रीचं. मुंबईची हौशी मंडळी अशाच रात्री गाठून सतरंज्या घेऊन वांगणीला जातात. मी गच्चीवर गेलो. आता काय दृश्य होतं ते तटस्थपणे सांगतो. अमावास्या. गच्चीच्या कोपऱ्यात एक प्रौढ पुरुष. शेजारच्या इमारतीचा उजेड अडवायला डोक्यावरून काळी चादर घेतलेली. हातात उलटा मॉप. पायाशी लाल मिणमिणता दिवा. आणि तोंडाने पुटपुटणं चालू: "रोहिणी... रोहिणी झाली... आता मृग... मृगाच्या पोटात बाण... बाणाच्या रेषेत व्याध..."

चौथ्या मजल्यावरच्या काकू विसरलेले कपडे काढायला वर आल्या. त्या ओरडल्या असत्या तर मी खुलासा तरी केला असता. त्या न ओरडता गेल्या. सकाळी त्यांच्या मजल्यावरच्या चारही दारांना लिंबू-मिरची टांगलेली होती, आणि सेक्रेटरी आमच्या दारात होते.

"2013 चा कायदा माहीत आहे ना?"

"कोणता?"

"जादूटोण्याचा."

"अहो, मी व्याध बघत होतो."

"कोणाचा?"

सेक्रेटरींनी समितीतर्फे तळमजल्यावरच्या काकांना पाहणीसाठी वर पाठवलं. काका रिटायर्ड, पंचांग तोंडपाठ, आणि मनाने निर्मळ. मी त्यांना आरामखुर्चीत बसवून मृग दाखवला. काका ताडकन उठले.

"मृग? जानेवारीत? मृग जूनमध्ये लागतं!"

मी सांगितलं की जूनच्या सुरुवातीला सूर्य मृगात शिरतो, त्यालाच आपण मृग लागला म्हणतो. सूर्याशेजारी असल्यामुळे ते नक्षत्र तेव्हा दिवसा वर असतं आणि दिसत नाही. रात्री दिसतं ते असं थंडीत.

काकांनी बराच वेळ घेतला. "म्हणजे पाऊस पडतो तेव्हा ते दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा पाऊस पडत नाही?"

"हो."

"मग एवढं बघताय कशाला त्याला?"

मग त्यांनी आवाज खाली आणून शनीची चौकशी केली. साडेसाती चालू होती. शनी पश्चिमेला मावळतीकडे होता. दहा पटीत कडं दिसत नाही, त्याला पंचवीस-तीस पट तरी हवेत, हे मी आधीच सांगितलं. गॅलिलिओलासुद्धा 1610 मध्ये तो तीन तुकड्यांचा वाटला होता, असाही आधार दिला. काकांनी आधी हात जोडले, मग दुर्बीण लावली. किंचित लांबट, पिवळसर ठिपका.

"एवढासा?" काका म्हणाले. "अहो, याच्यापायी मी फ्लॅटचं बुकिंग रद्द केलं!"

अहवाल माझ्या बाजूने गेला. पण जूनमध्ये काकांचा मृग वेळेवर लागला आणि आकाश चार महिने बंद झालं. दुर्बीणवाल्याचा पावसाळा बुरशीच्या भीतीत जातो. काचेला एकदा आतून जाळी धरली की संपलं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढंच हवं. घरातला एकमेव हवाबंद डबा बासमतीचा निघाला. पाहुणे आले की पुलाव आणि दुर्बीण एकदमच बाहेर यायची.

कोजागरीला सेक्रेटरींनी स्वतः फोन केला. "तुमचं ते यंत्र घेऊन या. मुलांना चंद्र दाखवा." पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघण्यात राम नसतो. ऊन समोरून पडतं, सावल्या उरत नाहीत आणि सगळं सपाट पांढरं दिसतं. बघावा तो अष्टमीला, अर्ध्या रेषेवर विवरांच्या कडा उठून आलेल्या असतात तेव्हा. पण अष्टमीला मसाला दूध कोण करतं? मी गेलो.

रांग लागली. प्रत्येकाने चंद्राला तीन सेकंद दिले, "छान आहे" म्हटलं आणि दुर्बीण खाली वळवून आपली खिडकी शोधली. 25 लाख प्रकाशवर्षांच्या गप्पा ऐकलेल्या माणसांना आपलाच फ्लॅट आठ फुटांवर आल्याचा जो आनंद झाला तो काय सांगावा! "ए, आपला दिवा चालू राहिलाय!" "ते बघ आपलं कॅलेंडर!" "पडदा धुवायला झालाय गं." दुर्बीण हातोहात, पेल्यांवरून, पोरांच्या डोक्यांवरून फिरली आणि माझ्याकडे परत आली तेव्हा उजव्या काचेच्या रबरी कडेला साय लागलेली होती. काचेच्या मधोमध केशराची एक काडी. एका मावशींनी तत्परतेने त्यावर 'हा' करून पदराने खसाखसा पुसलं. मी डोळे मिटून घेतले.

शेवटी सेक्रेटरींनी लावली. चंद्राकडे त्यांनी पाहिलंच नाही. थेट समोर, बी विंगच्या माथ्यावर नेम धरला आणि ते गोठून उभे राहिले.

"टाकी वाहतेय," ते हळूच म्हणाले. "बी विंगची टाकी वाहतेय! किती दिवस म्हणतोय, पाणी जातं कुठे!"

त्या आठवड्याच्या सभेत गच्चीची किल्ली मला कायमची देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. हॅलोजनसुद्धा रात्री अकरानंतर बंद ठेवायचं ठरलं. अंधारात पाण्याची धार चमकते, असा मुद्दा सेक्रेटरींनी मांडला. अट एवढीच की मी रोज वर गेल्यावर बी विंगच्या टाकीची नोंद करायची. त्यासाठी आखलेलं रजिस्टरही दिलं. तारीख, वेळ, टाकीची स्थिती, शेरा. आता मी रोज रात्री आधी टाकी बघतो आणि मग कृत्तिका. मागे अवकाळी ढग आले आणि काहीच दिसेना, तेव्हा मी शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे 'ढगाळ' असं लिहून खाली आलो.

सकाळी साडेसहाला सेक्रेटरींचा फोन. आवाजात घबराट. "ढगाळ म्हणजे? पाणी गढूळ येतंय का?"